झरा वाडीजवळ, कचेरी दूर
पाणलोटाच्या कामाचे एकत्रीकरण आणि रायगडच्या आदिवासी वाड्या



या वार्तापत्रातून आपण शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांविषयी नेहमी वाचता. या वेळी विषय थोडा सरकारी वाटेल. गावाजवळच्या छोट्या यंत्रणांकडे असलेली पाणलोट विकासाची कामे गेल्या काही वर्षांत हळूहळू मोठ्या, प्रादेशिक यंत्रणांकडे जात आहेत. हे का घडते, त्यात चांगले काय, धोका कोठे, आणि डोंगरातल्या कातकरी व ठाकर वाड्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. आपण ज्या कुटुंबांसाठी देणगी देता व प्रार्थना करता, त्यांच्यातील बायांचा अर्धा दिवस उन्हाळ्यात पाण्याच्या वाटेवर जातो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

पाणलोट म्हणजे काय?

डोंगरमाथ्यापासून खाली येणारे पावसाचे पाणी ज्या एका ओढ्याला किंवा नदीला मिळते, त्या सगळ्या जमिनीला पाणलोट क्षेत्र म्हणतात. या क्षेत्रात पाणी धावू न देता चालवायचे, चालत्या पाण्याला थांबवायचे आणि थांबलेले पाणी जमिनीत मुरवायचे, हे पाणलोट विकासाचे सूत्र. त्यासाठी वर झाडे राखायची, उतारावर दगडी बांध घालायचे, ओढ्यात लहान बंधारे बांधायचे. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचे. खाली आधी बंधारा बांधला आणि वरची माती मोकळी सोडली, तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो.

पाऊस भरपूर, हंडा रिकामा

रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टर जमिनीवर सुमारे ३ कोटी लिटर पाणी पडते. आता पन्नास घरांची, अडीचशे माणसांची एक वाडी घ्या. जलजीवन मिशनने दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्याप्रमाणे वाडीला रोज १३,७५० लिटर पाणी हवे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी ते साडेसोळा लाख लिटर होते. एका हेक्टरवर पडलेल्या पावसाचा अठरावा हिस्सासुद्धा त्याला पुरेसा आहे.

तरीही टंचाई का? कारण इथला बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतार उभे आहेत आणि खाली काळा कातळ आहे. सह्याद्रीवरून निघालेली अंबा, कुंडलिका, पाताळगंगा, सावित्री यांपैकी कोणतीही नदी फार लांब जात नाही. थोड्याच प्रवासात ती खाडीला मिळते. पाणी थांबवणारे काही वाटेत नसेल तर ते समुद्रात जाते आणि जाताना भातखाचराची माती घेऊन जाते.

काम कोणाकडे होते, कोणाकडे गेले

महाराष्ट्रात बांधबंदिस्तीचे सरकारी काम जुने आहे. त्यासाठीचा जमीन सुधारणा कायदा १९४२ सालचा. पुढे मृदसंधारण कृषी विभागाकडे, लहान तलाव व बंधारे जिल्हा परिषदेकडे, डोंगरावरची झाडे वन विभागाकडे, अशी वाटणी झाली. १९९२ मध्ये सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणासाठी वेगळा विभाग झाला. २००० मध्ये महाराष्ट्र जलसंधारण महामंडळ स्थापन झाले. एकाच डोंगरावर चार खाती काम करीत आणि एकाला दुसऱ्याचा नकाशा ठाऊक नसे.

केंद्राच्या योजनांतही अशीच वाटचाल दिसते. १९९५ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत साधारण ५०० हेक्टरांचा लहान पाणलोट आणि गावाची पाणलोट समिती हा पाया होता. अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी ती कामे उभी केली. २००३ मध्ये ‘हरियाली’ योजनेने काम ग्रामपंचायतींकडे दिले. २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांनी लहान पाणलोट जोडून १,००० ते ५,००० हेक्टरांचे समूह करण्यास सांगितले आणि प्रत्येक राज्यात एक राज्यस्तरीय यंत्रणा नेमली. २००९ मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्र, वाळवंट विकास आणि पडीक जमीन विकास हे तीन जुने कार्यक्रम एकत्र होऊन एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रम झाला. २०१५ मध्ये तोही प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत सामावला गेला.

राज्यात मोठे पाऊल पडले ते ३१ मे २०१७ रोजी. मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग करून त्याचे आयुक्तालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ठेवण्याचा निर्णय झाला. ६०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या योजना आणि मृदसंधारणाची कामे एका छत्राखाली आणायचे ठरले. कृषी विभागाची पदे या नव्या विभागाकडे वर्ग करण्यावरून बराच वाद झाला.

त्याच्या वरच्या पायरीवर नदीखोरे यंत्रणा आहेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्यातील पाच पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरण मानले. आपल्यासाठी ते म्हणजे १९९७ मध्ये स्थापन झालेले कोकण पाटबंधारे विकास महामंडळ.

एकत्र करण्यामागचा विचार

हा विचार चुकीचा नाही. पाणी गावाची शीव ओळखत नाही. वरच्या गावाने जंगल तोडले तर गाळ खालच्या गावाच्या विहिरीजवळ येतो. नकाशे काढणारे, खडक ओळखणारे, बंधाऱ्याचा आराखडा करणारे जाणकार प्रत्येक पंचायतीला परवडत नाहीत. एकच यंत्रणा असली तर एकाच ओढ्यावर दोन खात्यांनी दोनदा पैसे खर्च करण्याचा प्रकार टळतो आणि हिशेब एका ठिकाणी मागता येतो.

बाहेरच्या देशांतही हेच चालले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पाणलोटांच्या सीमेनुसार नेमलेली संवर्धन प्राधिकरणे १९४६ च्या कायद्यापासून आहेत. १९५४ च्या हेझल वादळात टोरोंटो परिसरात मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर नदीकाठची पूरजमीन मोकळी राखण्याचे काम याच प्राधिकरणांनी केले. २०२५ च्या अखेरीस तेथील सरकारने अशा ३६ प्राधिकरणांच्या जागी सात प्रादेशिक संस्था आणण्याचा प्रस्ताव मांडला. सरकार म्हणाले, नियम सारखे होतील आणि काम वेगाने होईल. विरोधकांचे म्हणणे असे की आपला ओढा ओळखणारी माणसे निर्णयापासून दूर जातील. आपल्याकडचा वादही याच दोन वाक्यांत मावतो.

कोकणात अडते कोठे

पहिली अडचण भूगोलाची. गोदावरीचे किंवा कृष्णेचे खोरे खरोखर एका नदीचे आहे. वरच्या जिल्ह्यात पाणी अडवले तर खालच्या जिल्ह्याला कमी मिळते, म्हणून तेथे खोऱ्याची एक यंत्रणा लागतेच. कोकणात तसे नाही. इथल्या पश्चिमवाहिनी नद्या शेजारी शेजारी वाहतात, पण एकमेकींना मिळत नाहीत. त्यांना जोडणारा फक्त समुद्र. सरकारी नियोजनात मात्र सगळे कोकण एक खोरे धरले जाते.

असे धरले की बेरजेत कोकण श्रीमंत दिसते. भिरा येथील १९२७ च्या वीजगृहातून सुटणारे पाणी घाटावरच्या मुळशीचे. ते कुंडलिकेत येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि रोह्याचे कारखाने तिच्या पाण्यावर चालतात. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे जाते. त्याच पेणच्या खारेपाटातली गावे मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहेत. खोऱ्याच्या ताळेबंदात पाणी शिल्लक असते, वाडीच्या झऱ्यात नसते.

दुसरी अडचण साच्याची. राज्यातील जलसंधारणाची बरीच पद्धत घाटापलीकडच्या दुष्काळी मुलखात घडली. नाला खोल करणे, शेततळे, सलग समतल चर ही कामे तेथे उपयोगी पडली. कोकणातल्या उभ्या, सैल मातीच्या उतारावर पाणी मुरवणारा चर चुकीच्या जागी खणला, तर उतार जड होऊन धोका वाढू शकतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. त्या दरडीला पाणलोटाचे काम कारण होते असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या यादीत जे नसते तेही डोंगरात असू शकते, एवढेच त्यावरून समजावे. कोणता उतार दर पावसाळ्यात थोडा सरकतो, कोणती भेग नवी आहे, हे पाहायला रोज त्या वाटेने जाणारा माणूस लागतो.

तिसरी अडचण आकाराची. मोठ्या यंत्रणेला मोठे काम सोपे जाते. एका निविदेत दहा बंधारे बसतात. झऱ्याभोवती कुंपण, त्याखाली लहान टाकी आणि दोनशे मीटर नळ, एवढे काम त्या निविदेत कोठे बसवायचे? वाडीला मात्र तेच हवे असते. एक हिशेब पाहा. झऱ्याची धार मिनिटाला १० लिटर असेल, तर दिवसरात्र मिळून १४,४०० लिटर पाणी होते. वर सांगितलेल्या पन्नास घरांच्या वाडीला ते पुरते. फक्त रात्रीचे पाणी साठवायला टाकी हवी.

चौथी अडचण सर्वांत मोठी आहे, ती म्हणजे वाडीचा आवाज. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पालघर किंवा नंदुरबारच्या अनुसूचित भागांत आदिवासी ग्रामसभेला पेसा कायद्याने जे अधिकार मिळाले, ते इथे नाहीत. वाडी हे बहुधा महसुली गाव नसते, मोठ्या ग्रामपंचायतीचा एक कोपरा असते. त्यात कातकरी ही अतिमागास म्हणून नोंदलेली जमात. दिवाळीनंतर त्यांतली कितीतरी घरे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाणलोटाची मोजणी, बैठका, मजुरीची कामे होतात त्याच महिन्यांत. घराला कुडाचे दार लावून माणसे गेलेली असतात आणि त्यांच्या नावावर ‘लोकसहभाग’ लिहिला जातो. यंत्रणा तालुक्यात होती तेव्हाही हे घडत होते. ती आणखी दूर गेली की विचारणारेही कमी होतात.

खारेपाटाचा धडा

मोठ्या यंत्रणेकडे काम गेल्यावर काय होते, याचा जुना अनुभव आपल्या किनाऱ्यावरच आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्राचे पाणी अडवून शेती झाली ती शेतकऱ्यांनी घातलेल्या मातीच्या बांधांमुळे. उधाणाला बांध फुटून खांड पडली की सगळ्यांनी मिळून ती बुजवायची, उघाडी दुरुस्त करायची. काही भागांत या सामाईक व्यवस्थेला ‘जोळ’ म्हणत. १९४८ मध्ये खारभूमी कायदा आला, मंडळ झाले. १९७९ मध्ये नवा कायदा झाला आणि बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे पक्की झाली. त्यामुळे पक्के बांध झाले, पैसा आला, हा लाभ खरा. पण खांड पडल्यावर त्याच दिवशी माती टाकणारी गावाची सवय मोडली. आता आधी अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी. खारे पाणी तोवर थांबत नाही. शेतात शिरलेल्या पाण्याबरोबर तिवरे उगवली की ती कायद्याने राखीव होतात आणि जमीन परत पिकाखाली आणणे फार अवघड होते.

यातून दिसते ते असे: बांध बांधणे दूरच्या यंत्रणेला जमते, बांध राखणे जवळच्याच माणसाला जमते. दुरुस्तीचा अधिकार आणि थोडा पैसा त्याच्या हातात राहिला पाहिजे.

दोन मजल्यांची रीत

मोठे हवे की छोटे, या वादातून वाट काढणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते एका धर्मगुरूच्या कामातून उभे राहिले, म्हणून आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी १९६६ मध्ये अहमदनगरला सोशल सेंटर सुरू केले. दुष्काळी गावांत काम करता करता त्यांनी पाणलोट विकासाचा ध्यास घेतला. लोक त्यांना ‘हरित बाबा’ म्हणत. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला आणि १९९३ मध्ये त्याला साहाय्य करणारी ‘वॉटर’ ही संस्था निघाली.

या कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता, तो नाबार्डमार्फत येई. तंत्रज्ञ, तपासणी, हिशेब वरच्या यंत्रणेचा. पण गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवायची, सर्वांच्या संमतीने समिती निवडायची. सुरुवातीला थोड्या जमिनीवर काम करून दाखवायचे आणि मगच पूर्ण काम मिळायचे. म्हणजे घर एकच, मजले दोन. वरच्या मजल्यावर ज्ञान, पैसा, देखरेख. खालच्या मजल्यावर निर्णय आणि राखण. एकत्रीकरणात वरचा मजला भक्कम होत असेल तर आनंदच आहे. खालचा मजला काढून टाकला तर घर उभे राहणार नाही.

मात्र छोटे म्हणजे आपोआप न्यायाचे, असेही समजू नये. चराईबंदी होते तेव्हा शेळ्या कोणाच्या बांधल्या जातात? बहुधा भूमिहीनाच्या. बंधारा भरतो तेव्हा विहीर कोणाची भरते? पायथ्याला जमीन असलेल्याची. गावची समिती चार घरांची झाली तर वाडीला तिचाही जाच होतो. अशा वेळी वरचा नियमच दुबळ्याच्या मदतीला येतो. २००८ च्या सूचनांनी पाणलोट समितीत निम्मे सभासद बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि भूमिहीन यांच्यातले असावेत असे सांगितले. हा नियम खालून आला नसता.

मग मागायचे काय?

यंत्रणा एकत्र झाल्या तरी पुढील गोष्टी सुटू नयेत, असा आग्रह आपण धरू शकतो.

१. आराखड्यात प्रत्येक वाडीचे नाव आणि तिचा पाणवठा वेगळा लिहिला जावा. केवळ ग्रामपंचायतीचे नाव पुरेसे नाही.

२. आराखडा वाडी घरी असताना मंजूर व्हावा. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठरलेल्या असतात. पहिल्या दोन तारखांना कातकरी कुटुंबे बहुधा भट्टीवर असतात, नंतरच्या दोन तारखांना घरी. पाण्याचा ठराव ऑगस्ट-ऑक्टोबरच्या सभेत यावा.

३. दुरुस्तीचा निधी गावाच्या खात्यावर राहावा. खासगी जमिनीवरील कामांत लाभधारकांचा वाटा जमा करून असा निधी उभारण्याची तरतूद सूचनांत आहे. अनुसूचित जमाती व अल्पभूधारकांसाठी तो वाटा ५ टक्के, इतरांसाठी १० टक्के.

४. पाणलोटाची मजुरी स्थलांतराच्या आधी, दिवाळीच्या सुमारास सुरू व्हावी. आपल्याच डोंगरावर काम मिळाले तर भट्टीची उचल घ्यावी लागणार नाही आणि मुले शाळेत राहतील.

५. वनहक्क कायद्याचा उपयोग व्हावा. २००६ च्या या कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. त्याच्या पाचव्या कलमाने हक्कधारकांना व ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिला आहे. रायगडच्या वाड्यांच्या हातात असलेले हे सर्वांत भक्कम साधन आहे आणि ते अजून फार थोड्यांनी वापरले आहे. पेण येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याविषयी विचारणा करता येते.

आपण काय करू शकता

ज्या मंडळींचे एखाद्या वाडीशी नाते आहे, त्यांनी पुढच्या भेटीत एक बादली आणि घड्याळ बरोबर न्यावे. वाडीतल्या शाळकरी मुलामुलींना झऱ्याखाली १० लिटरची बादली लावायला सांगावे आणि ती किती सेकंदांत भरते ते वहीत तारखेसह लिहायला शिकवावे. दिवाळी ते जून, दर महिन्याला एकदा. एवढ्याने झरा कधी आटतो, किती आटतो, हे कागदावर येते. मोठ्या यंत्रणेला कागद कळतो. वाडीची तहान तिला त्या भाषेत सांगावी लागेल.

ज्यांना सरकारी कामकाजाची माहिती आहे, निवृत्त शिक्षक, अभियंते, तलाठी, त्यांनी अशा नोंदींवरून अर्ज लिहून द्यावेत आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला वाडीतल्या बायांबरोबर जावे. बोलायचे त्यांनी, आपण फक्त शेजारी बसावे. एकट्या बाईचे बोलणे सभेत अनेकदा दाबले जाते. सोबत कोणी असले की ते इतिवृत्तात जाण्याची शक्यता वाढते.

प्रार्थना करताना या वर्षी झऱ्यांची आठवण ठेवा, आणि ज्यांच्या सहीने पाणलोटाचे नकाशे ठरतात त्या अधिकाऱ्यांचीही. त्यांतले बरेच जण प्रामाणिकपणे काम करू पाहतात. त्यांच्या नकाशावर वाडी दिसावी, एवढी मदत त्यांना आपण करू शकतो.